केनी मास्तरांचं कॉर्नेट

वटार
११ ऑगस्ट २०२४

एरॉल,

वर आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग खोडलं. नॅन्सी म्हणाली, खोडलेलं दिसतंय, दुसरा कागद घे. हा दुसरा कागद आहे. माझ्या बायकोला तुझी माझ्यापेक्षा जास्त काळजी, हे तुला माहीत आहेच.

तू माझा नंबर ब्लॉक केलायस. तुझ्या फेबियनला फोन लावला तर तो म्हणतो, ‘अंकल, डॅडी झोपलेत.’ सकाळी अकराला झोपलेत, संध्याकाळी सहालाही झोपलेत. पहिली ते सातवी एका बाकावर बसलो आपण, इतकी झोप मी तुला वर्गातसुद्धा काढताना पाहिलं नाही. वटारहून नालासोपारा रिक्षाने अर्धा तास, आणि मी तिकीट चिकटवून पत्र टाकतोय. पोस्टातल्या बाईने दोनदा विचारलं, ‘साहेब, कुरिअर नाही का करायचं?’

कामाचं बोलतो. गेल्या रविवारी शाळेच्या कमिटीची मीटिंग झाली. लविना टीचर आता हेडमिस्ट्रेस आहे. तिने उभं राहून सांगितलं की संगीताची खोली बांधून दिल्यापासून उघडी कमी आणि बंद जास्त. बांद्र्याहून येणारा मास्तर मागच्या पावसाळ्यात जो आला नाही तो आलाच नाही. बावीस वाद्यं प्लास्टिकच्या पिशव्यांत पडून आहेत. कमिटीतल्या तरुण मंडळींना त्या खोलीत कम्प्युटर बसवायचेत. खोली मी दिली, वाद्यं मी दिली, पण माझं मत विचारायला कोणी थांबलं नाही. तेही बरोबरच, दिलं म्हणजे दिलं. शेवटी लविना टीचरने भांडून मुदत मागून घेतली. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला मुलांचा बँड उभा राहिला तर खोली राहील. नाहीतर वाद्यं मुंबईतल्या एका मोठ्या शाळेला जातील, त्यांनी विचारूनही ठेवलंय.

मुलांना शिकवू शकेल असा आपल्या गावचा एकच माणूस आहे, आणि तो नालासोपाऱ्यात चौथ्या मजल्यावर झोपलेला आहे.

एक मुलगी आहे, स्टेफी. आठवीत आहे, तिच्या आईची मोगऱ्याची वाडी आहे. मधल्या सुट्टीत लविना टीचरकडून किल्ली घेते आणि मोबाइलवर बघून बघून कॉर्नेट फुंकते. जिद्द आहे पोरीत. पण गाल इतके फुगवते की तुझ्या बापाने पाहिलं असतं तर टिचकीच मारली असती. बाकीच्या मुलांना मोठं, चकचकीत वाद्य हवं असतं. झांजा मात्र कोणालाच नकोत, त्या अजून पिशवीतून बाहेरसुद्धा निघालेल्या नाहीत.

जे झालं ते झालं. आपण दोघेही सदुसष्टचे झालो. ये आता.

ज्युड


वटार
१ सप्टेंबर २०२४

एरॉल,

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. तुमच्या बाजूच्या पोस्टमनला गाठून विचारलं. तो म्हणाला, ‘साहेब, हल्ली पत्रं येतात किती, हरवायला? चौथ्या मजल्यावर चढून दिलं, माझे गुडघे साक्षी आहेत.’ म्हणजे तू वाचलंस, आणि ‘जे झालं ते झालं’ इथे अडलास. ठीक आहे. ते एकदा बोलूनच टाकू.

आपली पद्धत तुला मी काय सांगणार. राखेच्या बुधवारी बँड बंद. उपवासकाळात लग्न नाही, वाजंत्री नाही. प्रत्येकाने आपला माउथपीस काढायचा, खिशात घालून घरी न्यायचा, आणि बाकीचं धूड चर्चच्या हॉलमधल्या कपाटात ठेवायचं. ईस्टरला माउथपीस घेऊन परत यायचं. तुझ्या बापाने, केनी मास्तरांनी, घालून दिलेली शिस्त: ओठ ज्याचे, माउथपीस त्याच्या घरात, पितळ गावाचं.

अडीच वर्षांपूर्वी त्याच चाळीस दिवसांत मी ते कपाट रिकामं करायला घेतलं. ईस्टरला नवा संच द्यायचा होता, जागा नको का? टेम्पो घेऊन हरेश्वरला पाठवलं. हरेश्वर म्हणजे माझा पितळेच्या भट्टीवरचा माणूस, तलासरीकडचा, आपल्यातला नाही. त्याला या चालीरीती कुठून ठाऊक असणार. माउथपीस नाही, ठिकठिकाणी चेपलेलं, हिरवं पडलेलं पितळ. त्याला ते भंगार वाटलं आणि त्याने ते भट्टीत टाकलं. मला कळलं तोवर उशीर झाला होता. चूक त्याची. माझी एवढीच की माझं लक्ष नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी तुम्ही अकरा जण काळे कोट घालून आलात. टेबलावर बावीस नवी वाद्यं, वर माझ्या नावाचा बॅनर. तू खिशातून माउथपीस काढून हातात धरलास आणि विचारलंस, ‘आमची कुठायत?’ मी माइकवर होतो. म्हटलं, ‘ती आता विसरा, ही घ्या.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला खरंच वाटलं होतं की तुम्ही खूश व्हाल. तू माउथपीस परत खिशात टाकलास आणि चालू लागलास, आणि तुझ्यामागे एकेक करून दहाही जण. त्यानंतर गावचा बँड बसला तो बसलाच, आणि ती बावीस वाद्यं शाळेला गेली. आता लग्नाला डीजे येतो आणि म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडतं.

पण एरॉल, यात मुलांचं काय चुकलं? मानधन तू म्हणशील ते. रोज गाडी पाठवतो, घरी सोडतो. केनी मास्तरांचा मोठा फोटो संगीताच्या खोलीत लावू, माझ्या नावाच्या दगडाच्या अगदी समोर. अजून काय हवं ते लिही.

ज्युड


वटार
६ ऑक्टोबर २०२४

एरॉल,

थेरेसाने परवा नॅन्सीला फोन केला होता; आपल्या बायकांचं बोलणं तरी चालू आहे. नॅन्सीने मला तुझा निरोप शब्दाला शब्द सांगितला, मधे हसलीसुद्धा नाही. ‘त्याला म्हणावं, हरेश्वर मालकाला विचारल्याशिवाय खिळासुद्धा वितळवत नाही. खरं लिहिणार असशील तर लिही, नाहीतर तिकिटं फुकट घालवू नको.’

दोन कागद फाडले. हा तिसरा.

हरेश्वरने गाळ्यावर गोण्या उतरवल्या तेव्हा मी तिथेच होतो. तो मला म्हणाला, ‘साहेब, हे वाजवायचं दिसतंय. टाकू का ठेवू?’ मी म्हटलं, बघू. तो चहाला गेला. मी पहिल्या गोणीत हात घातला आणि हाताला लागलं ते तुझ्या बापाचं कॉर्नेट. कर्ण्याखाली डाग देऊन सांधलेलं. अंधारातसुद्धा मी ते ओळखलं असतं.

तू विसरला असशील. ते कॉर्नेट मास्तरांनी आधी मला दिलं होतं. आपण चौदा वर्षांचे होतो. दोन महिने मी ते घरी नेत होतो, उशाशी घेऊन झोपत होतो. आई म्हणायची, याचं लग्न झालंय याच्याशी. मग एका संध्याकाळी सरावाला, सगळ्यांसमोर, मास्तरांनी ते माझ्या हातून काढून तुझ्या हातात दिलं. म्हणाले, ‘ज्युड, तुला कान नाही रे बाबा. तू झांजा घे.’ प्रेमानेच म्हणाले, हे मला आता समजतं. मला खरंच कान नाही, नॅन्सीला विचार, चर्चमध्ये मिस्सेत मी गायला लागलो की ती मला कोपर मारते. पण तेव्हा मला एवढंच दिसलं की बापाने पोराला दिलं.

आणि पुढच्याच महिन्यातली ती मयत. मास्तर सांगून थकले होते, मी मान हलवेपर्यंत हात उचलायचा नाही. मी डोळे मिटून घेतले होते, मनातल्या मनात आकडे मोजत होतो, आणि मोजण्यात चुकलो. सगळं शांत असताना दणकन वाजवल्या. खांदा दिलेली माणसं दचकली, पेटी एका बाजूला कलली, मागची पोरं फिदीफिदी हसली. तूही हसलास. मी झांजा कपाटात ठेवल्या आणि पुन्हा हातात घेतल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी शाळा सोडली, पितळेच्या कामाला लागलो. पुढचं सगळं गाव जाणतं. कसा वर आलो, किती दिलं, कुठे कुठे नाव आहे.

तर एवढ्या वर्षांनी ते कॉर्नेट माझ्या गाळ्यावर, माझ्या हातात. आजूबाजूला कोणी नाही बघून मी ते ओठाला लावलं. माउथपीस तुझ्या खिशात. नुसती हवा गेली. मला इतका राग आला एरॉल, की काय सांगू. म्हातारा माणूस मी, नातवंडं आहेत मला, आणि चौदा वर्षांच्या पोरासारखा राग आला. ते गोणीत टाकलं, हरेश्वरला हाक मारली आणि म्हटलं, ‘टाक.’ तो एक क्षण थांबला होता. मी पुन्हा म्हटलं, ‘टाक रे, भंगार आहे.’

त्या पितळेतल्या पहिल्या आठ तोट्या मी शाळेच्या पाणपोईला लावून दिल्या, फुकट. फादरांनी आशीर्वाद दिला, मुलं रोज त्यांचं पाणी पितात. मी शाळेत गेलो की घरून बाटली नेतो.

लोक मला दानशूर म्हणतात. दान खोटं नव्हतं, हेही तुला सांगतो. आपल्या पोरांनी काहीतरी शिकावं, संध्याकाळी मोबाइलमध्ये डोकं घालून बसू नये, हे मला मनापासून वाटतं. पण त्याच्या खाली दुसरंही होतं. मला कान नाही असं ज्या खोलीत ठरलं, तिच्यापेक्षा मोठी खोली बांधून तिच्यावर नाव लावायचं होतं मला. दोन्ही एकाच माणसाच्या पोटात होतं आणि ते मी एकाच चेकवर सही करून दिलं.

हरेश्वरचं राहिलं. अडीच वर्षं हे तो अंगावर घेऊन फिरतोय. गावातल्या टपरीवर त्याला ‘बँड गिळलेला’ म्हणायचे. त्याने एकदाही तोंड उघडलं नाही. सोमवारी सगळ्या कामगारांसमोर मी सांगितलं की माल वितळवायला मी सांगितलं होतं, तो विचारत होता. तो म्हणाला, ‘बरं झालं बोललात साहेब. आता वटारच्या सणाला येता येईल.’ मला वाटलं होतं तो शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मानधन, गाडी, फोटो, ते सगळं मागच्या पत्रातलं खोड. लाज वाटते वाचून. माफ कर असं लिहितोय, पण करशीलच असं धरून चाललेलो नाही.

ज्युड


वटार
१० नोव्हेंबर २०२४

एरॉल,

दोन तारखेला, मृतांच्या दिवशी, कबरस्थानात तू आला होतास. मी चार कबरी सोडून आईजवळ उभा होतो. तू बोलला नाहीस, मीही जवळ आलो नाही. थेरेसाने मात्र नॅन्सीच्या हातून सुकेळ्यांचा पुडा घेतला. ‘याला डायबिटीस आहे,’ असं म्हणाली आणि पिशवीत टाकला. म्हणजे ती स्वतः खाणार. खाऊ दे, यंदा राजेळी केळी चांगली झाली होती.

तू मास्तरांच्या कबरीवर मेणबत्ती डाव्या हाताने लावलीस. दोनदा विझली, तरी उजवा हात खिशातच. नॅन्सी म्हणाली, बिचाऱ्याच्या हाताला काही झालंय का. मला कळलं काय झालंय ते. अडीच वर्षं तू तो माउथपीस खिशात घेऊन फिरतोयस.

घरी आलो आणि झोप येईना. मग डोक्यात आलं, पितळ गेलं, पण माउथपीस कुठे गेलेत? ते घरोघर असणार. उपवासकाळ होता म्हणूनच वाचले. दुसऱ्या दिवशी मिस्सा झाल्यावर दहा घरं फिरलो. हातात चेकबुक नव्हतं, नुसता मापाचा व्हर्नियर.

पहिल्याच घरी ढोलवाल्याच्या शेजारची म्हातारी, तिचा नवरा युफोनियम वाजवायचा, तो गेला मागच्या वर्षी. दार अर्धंच उघडून म्हणाली, ‘पितळ वितळवलंस, आता हे पण न्यायला आलास?’ मी म्हटलं, ‘न्यायला नाही, माप घ्यायला आलोय.’ तिने आणून दिला, मी उभ्या उभ्या माप घेतलं, परत केला आणि निघालो. फाटकापर्यंत गेलो तर हाक मारली. ‘घेऊन जा. पण या वेळी परत आण.’ रुमालात बांधून दिला.

एकाच्या घरी तो अल्तारावर, पवित्र मरियेच्या पायाशी ठेवलेला होता. एकाच्या घरी सून नानकटाईचे गोल कापायला वापरत होती, तिला बिचारीला काही माहीतच नव्हतं. दहा घरांतून सात मिळाले. तीन घरांनी दार उघडलं नाही, त्यांचाही हक्क आहे.

शाळेत जाऊन नव्या वाद्यांना लावून पाहिले. सैल बसतात. जुन्यांचा दांडा बारीक आहे. कागद गुंडाळून चालतं म्हणतात, पण फुंकताना हवा जाणार. प्रत्येकाच्या दांड्यावर पातळ बुश, म्हणजे पितळेची बारीक नळी, लागेल, केसाएवढाही फरक चालणार नाही. हे काम मला येतं. पैसे देण्याआधी मला हेच एक काम येत होतं.

ज्युड


वटार
८ डिसेंबर २०२४

एरॉल,

हे पत्र पोस्टाने नाही. हरेश्वर घेऊन येतोय, त्याने स्वतःहून सांगितलं की मी जातो. त्याला चहा दे, साखर जास्त लागते त्याला.

वीस वर्षांनी लेथवर उभा राहिलो. कामगार आधी हसले, मग बघायला जमले, मग मी ओरडलो तेव्हा गेले.  पहिले चार बुश वाया गेले. एक तर इतका पातळ झाला की बोटाने दाबला तर चपटा. डॉक्टर म्हणतो, उभं राहू नका. मी त्याला म्हटलं, बसून फक्त सही होते.

पितळ कुठलं वापरायचं हा प्रश्न मला पडलाच नाही. एका संध्याकाळी पाना घेऊन शाळेत गेलो आणि पाणपोईची एक तोटी काढली. लविना टीचर ऑफिसातून धावत आली. ‘अंकल, दिलेलं परत नेताय?’ तिला सगळं सांगितलं. तुला लिहिलं होतं तेच, पुन्हा, तोंडाने. तोंडाने जास्त जड जातं. ती ऐकून घेऊन म्हणाली, ‘एकच काढा. आणि तिथे उद्या सकाळच्या आत दुसरी लावा, नाहीतर पोरांना पाणी तुम्ही वाटायचं.’ स्टीलची लावली.

त्या एका तोटीतून आठ बुश निघाले. त्यात तुझ्या बापाच्या कॉर्नेटचं पितळ आहे का, कोणाच्या बाज्याचं आहे, देव जाणे. सगळं एकत्रच वितळलं होतं.

डब्यात सात माउथपीस आहेत, प्रत्येकावर चिठ्ठी, कोणाच्या घरचा ते. ते मला ठेवून घ्यायचे नाहीत. कोणता कोणत्या मुलाच्या ओठाला लागेल ते मला कळत नाही, तू ठरव. त्या म्हातारीचा तेवढा परत पोचला पाहिजे, मी शब्द दिलाय. आठवा बुश, तुझ्या खिशातल्यासाठी, वेगळा कागदात बांधलाय. त्याचं माप मला घेता आलं नाही, चौदाव्या वर्षी बोटांना जे कळलं होतं त्यावर बनवला. नसेल बसत तर फेकून दे.

मी नॅन्सीला म्हटलं की खोलीवरचा माझ्या नावाचा दगड काढून टाकतो. ती म्हणाली, ‘आता नवीन नाटक नको. दगड राहू दे, खोलीत मुलं येऊ देत.’

तू आलास तर मी आत येणार नाही. हे पत्रातलं शेवटचं मागणं. सव्वीस जानेवारीला सात आठवडे आहेत, आणि ती पोर अजून गाल फुगवतेय.

ज्युड


वटार
१९ जानेवारी २०२५

एरॉल,

आता तू दर शनिवार-रविवार गावात असतोस, तुझ्या घराचं दार उघडं दिसतं, ओट्यावर थेरेसा पापलेट साफ करताना दिसते, आणि तरी मी पत्र लिहितोय. सवय लागली. शिवाय तू माझ्याशी बोलत नव्हतास, कालपर्यंत.

चौदा डिसेंबरला तू रिक्षातून उतरलास तेव्हा मी पाणपोईजवळच्या बाकावर होतो. शब्द दिल्याप्रमाणे आत आलो नाही. पण खिडकी उघडी होती, ती काही मी उघडली नव्हती. स्टेफी एकटीच फुंकत होती. तू सरळ तिच्या जवळ गेलास आणि गालावर टिचकी मारलीस. पोरगी दचकली. मग तू खिशातला हात बाहेर काढलास, मास्तरांचा माउथपीस तिच्या कॉर्नेटला लावलास आणि एकदा फिरवून पाहिलास. बसला. मी बाकावर बसून रडलो, हे लिहून टाकतो. शिपाई विचारायला आला, मी म्हटलं डोळ्यात कचरा गेला. तो म्हणाला, दोन्ही डोळ्यांत?

पाच आठवडे मी दर सरावाला तिथे येऊन बसतोय. आधी एक मुलगी होती, मग सहा मुलं, आता सतरा. त्यातली निम्मी नालासोपाऱ्याच्या बाजूची, नव्या बिल्डिंगांतली, घरी हिंदी बोलणारी. त्यांना तू आपल्या बोलीत ओरडतोस आणि त्यांना सगळं समजतं. त्या म्हातारीचा माउथपीस ज्या मुलाला दिलास, त्याला ती रविवारी घरी बोलावून खाऊ घालते. ‘परत आण’ म्हणाली होती ना, तर तो मुलगाच परत नेतो दर आठवड्याला. डबेवाल्यासारखा.

मला कान नाही, तरी एवढं कळत होतं की काहीतरी कमी आहे. कडव्याच्या शेवटी मुलं थांबतात आणि तिथे एक खड्डा पडतो. काल तू पण थांबलास. विचारलंस, ‘झांजा कोण?’ सगळी मुलं आपापल्या बुटांकडे बघायला लागली. त्या अजून पिशवीतच होत्या. तू पिशवी फाडलीस, झांजा हातात घेतल्यास आणि खिडकीशी आलास. मला वाटलं, खिडकी लावायला आलास.

‘ज्युड, तू झांजा घे.’

पावणेतीन वर्षांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य, आणि तेही तुझ्या बापाचं. मुद्दाम म्हणालास की तोंडातून निघून गेलं, मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. एक मिनिट मी उठलो नाही, ते तू पाहिलंस. डोक्यात काय काय येऊन गेलं. कमिटीची मंडळी समोर खुर्च्यांवर बसणार, फादर असणार, आणि ज्याचं नाव दगडावर आहे तो सत्तरीला आलेला म्हातारा आठवीतल्या पोरांच्या मागे झांजा धरून उभा राहणार. पुन्हा चुकलो तर? या वेळी खांद्यावर पेटी नाही, पण झेंडा असेल.

मग उठलो. खोली मी बांधली, पण सरावाच्या वेळी तिच्या आत पहिल्यांदा काल आलो. आतून लहान वाटते.

तीन वेळा चुकलो काल. स्टेफी हसली, तू तिला रागावलास. रागावू नको, हसू दे. आपणही हसायचो.

ज्युड


वटार
२५ जानेवारी २०२५

प्रिय एरॉल,

ही चिठ्ठी हरेश्वरबरोबर पाठवतोय. तो उद्या बायकोला आणि मुलीला घेऊन झेंडावंदनाला येणार आहे, पुढे बसव त्यांना.

झांजांचे चामड्याचे पट्टे कडक होते, तेल लावून मऊ केले. पांढरा शर्ट इस्त्री करून टांगलाय. आज दिवसभर घरी सराव केला, नॅन्सीने कानात कापूस घातला आणि तरी समोर बसून राहिली. पावणेसातला शाळेत पोचतो.

एकच मागणं आहे. मी शेवटच्या रांगेत असेन आणि पुढे ती उंच मुलं आहेत. मला तुझं डोकं दिसेल असा उभा राहा. या वेळी मी डोळे मिटणार नाही आणि आकडे मोजणार नाही. तू मान हलवेपर्यंत हात उचलणार नाही.

ज्युड